आण्णांना ऐकू न आलेला आवाज

राजारामपुरीत सातव्या गल्लीच्या तोंडाशी दत्तप्रसाद सांगवडेकरांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं त्यांना आण्णा म्हणतात, आणि आण्णांचं नाव झालं ते हातापेक्षा कानामुळं. वयाच्या दहाव्या वर्षापासून ते वडिलांच्या रेडिओच्या दुकानात बसायला लागले. व्हॉल्व्ह गुणगुणतोय की ट्रान्सफॉर्मर, हे झाकण न काढता सांगायचे. रेडिओ गेले, टेप आले. टेप गेले, कॉम्प्युटर आले. आण्णांची ऐकायची सवय तशीच राहिली. लॅपटॉप काउंटरवर आला की ते आधी स्क्रूड्रायव्हर उचलत नसत, मान वाकवत. "फॅन अजून महिनाभर ओढेल," नाहीतर "डिस्क चालली हो पावणं, आजच्या आज फोटो काढून घ्या," असं सांगत, आणि बहुतेक वेळा तसंच होई.

हीच कीर्ती ऐकून संयोगिता चौगुले पेठ वडगावहून त्यांच्याकडं आली.

सोमवारची दुपार होती. तिशीतली बाई, हातात पांढरी काठी, पाठीवर सॅक. पायरीला काठी लावून तिनं अंदाज घेतला, आत आली आणि काउंटरच्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"सांगवडेकर आण्णा तुमीच न्हवं?"

"मीच. बसा, डाव्या हाताला स्टूल आहे."

ती बसली नाही. सॅकमधून लॅपटॉप काढून तिनं काउंटरवर ठेवला.

"ह्यो वरडतोय," ती म्हणाली. "बारीक सूर हाय, सुईसारखा. मी काम करत असले की गप असतो, मी थांबले की सुरू. घरात कुणालाच ऐकू येत न्हाय. वडलांचं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं, भाऊ कागलला एमआयडीसीत प्रेसवर असतो, त्यांचं सोडा. पण वडगावात एका दुकानदाराला दाखवला, त्यो बी म्हणाला काय न्हाय. आता तर लॅपटॉप बंद केला तरी सूर डोक्यात राहतोय. म्हणून म्हटलं, तुमास्नीच दाखवावा."

आण्णांनी लॅपटॉप चालू केला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज बोलायला लागला, इतका भराभर की आण्णांना एक शब्द लागेना. तिला सगळं लागत होतं. मग एक बटण दाबून तिनं तो गप्प केला आणि बोट वर धरलं.

"आता ऐका."

आण्णांनी मान वाकवली. फॅनची मंद सळसळ. रस्त्यावरनं गेलेली रिक्षा. शेजारच्या झेरॉक्स मशीनची खडखड. बाकी काही नाही.

"वाजतोय," ती म्हणाली आणि टचपॅडवर बोट फिरवलं. "आता थांबला. आता परत. येतोय न्हवं ऐकू?"

आण्णांनी कीबोर्डला कान टेकवला. डोळे मिटले. एका क्षणी त्यांना वाटलं, काहीतरी येतंय. मग कळलं, तो आपलाच श्वास आहे.

"ठेवून जा," ते म्हणाले. "उघडून बघतो. बुधवारी या."

त्यांनी मनापासून बघितला. फॅन काढून साफ केला, नवी पेस्ट लावली, स्पीकरची वायर सोडवून पाहिली, मधूनमधून कान लावत राहिले. मंगळवारी दुकान बंद करेपर्यंत त्यांचं मत पक्कं झालं होतं: यंत्रात दोष नाही.

बुधवारी तीनच्या सुमारास ती आली.

"ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे," आण्णा म्हणाले. "फॅन साफ केलाय. आवाजबिवाज काही नाही."

"तुमी नीट ऐकलं?"

हा प्रश्न आण्णांना झोंबला. "सत्तेचाळीस वर्षं कानांवर घर चालवलंय मी," ते म्हणाले. "मशीनमध्ये असता तर मला ऐकू आला असता. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. कधी कधी आवाज बाहेर नसतो, आपल्याच कानात असतो."

ते सहज बोलून गेले. पण तिचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. तिनं चाचपून स्टूल शोधलं आणि बसली.

"माझी आत्या हाय," ती म्हणाली. "तिला बी माझाच रोग. आधी डोळे गेले. मग असाच बारीक सूर यायला लागला. दुसऱ्या कुणाला यायचा न्हाय, तिला एकटीलाच. वर्षभरात कान बंद झाले. आता तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून बोलावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलेलं, ह्या रोगात काहींचे कान बी जातात, लक्ष ठेव म्हणून. मला चौदाव्या वर्षापर्यंत दिसत होतं, आण्णा. डोळे जाताना काय होतं ते मी बघितलंय."

आण्णांनी लॅपटॉप पुन्हा उघडून चालू केला.

"इथल्याच एका दवाखान्यात नोकरी लागलीय," ती पुढं म्हणाली. "डॉक्टर रिपोर्ट बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचे. शुक्रवारी रुजू व्हायचं होतं. नुसतं कानाचं काम. उद्या जाऊन न्हाय म्हणून पत्र देते."

"अहो, असं लगेच कशाला? आधी तपासून तरी—"

"चार महिन्यांनी त्यांनी घरी बसवायचं, त्यापेक्षा आधीच बरं." ती उठली. लॅपटॉप तिनं हातानं काउंटरवर पलीकडं सरकवला. "ह्यो असू दे तुमच्याकडं. मला ह्याचं तोंड बघायचं न्हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती जराशी हसली. ते हसू आण्णांना बघवेना.

काठी टेकत ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आण्णा दारात उभे राहून बघत होते. त्यांना तिचं वाईट वाटलं. आपलं काही चुकलं, असं मात्र वाटलं नाही.

साडेपाच वाजता शाळा सुटली की त्यांची बायको लीला रोज दुकानात यायची. ती महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवते. चहा व्हायचा, मग आण्णा आवराआवर करायचे आणि दोघं स्कूटरवरनं घरी जायचे. त्या दिवशी ती आत आली, पर्स स्टुलावर ठेवली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"हे काय चिरकतंय?"

आण्णांच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला. "काय चिरकतंय?"

"हा काय, लॅपटॉप. दातातनं कळ गेली माझ्या. बंद करा आधी."

संयोगिताचा लॅपटॉप दुपारपासून तसाच उघडा, चालू पडला होता. आण्णांनी कप खाली ठेवला.

"लीला, तिकडं तोंड करून उभी राहा. आवाज आला की हात वर कर. थांबला की खाली."

"आता हा काय खेळ?"

"कर म्हणतो ना!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की लीला मुकाट्यानं भिंतीकडं वळली. तिचा हात वर गेला. आण्णांनी टचपॅडवर बोट फिरवलं; हात खाली आला. बोट थांबवलं, दोन क्षणांत हात वर. पुन्हा फिरवलं, खाली. पुन्हा थांबवलं, वर. दहा वेळा झालं. अकराव्या वेळी त्यांनी खात्री करायला बोट पॅडच्या वर नुसतं हवेत फिरवलं, टेकवलंच नाही. हात वरचा वरच राहिला.

त्यांनी मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप उघडलं आणि फोन कीबोर्डवर ठेवला. खाली फॅनची, रस्त्याची खडबडीत टेकडी दिसत होती. आणि पार उजवीकडं, अकरा हजार हर्ट्झच्या थोडं पुढं, ताठ उभी एक रेघ. बोट फिरवलं की रेघ गडप. थांबवलं की पुन्हा उभी. आयुष्यात पहिल्यांदा आण्णा एक आवाज डोळ्यांनी बघत होते, आणि तो त्यांना ऐकू येत नव्हता.

"दोन वर्षं सांगतेय मी," लीला हळू म्हणाली. "मला ताप होता तेव्हा थर्मामीटर माझ्या तोंडात ठेवून तुम्ही बसून राहिलात. तो कधीचा वाजत होता. मी खुणा करतेय, तर तुम्ही म्हणता अजून वाजला नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो खोलून दुरुस्त करायला बसलात."

त्या वेळी आण्णा तिच्यावर ओरडले होते. चिप सोडवायच्या गरम हवेच्या ब्लोअरकडं त्यांची नजर गेली. वीस वर्षं तो त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर भणभणत होता. पण स्वतःच्या कानांचं दुःख करायलासुद्धा त्यांना सवड नव्हती. दुपारचं वाक्य डोक्यात घुमायला लागलं: आवाज बाहेर नसतो, आपल्याच कानात असतो. कान कुणाचे बिघडलेले, आणि सांगितलं कुणाला!

त्यांनी पावतीवरचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

लीलाला त्यांनी सगळं सांगितलं. आत्याचं, नोकरीचं, उद्याच्या पत्राचं. सांगता सांगता ते म्हणाले, "आधी हा आवाज घालवतो. मग सांगतो तिला, आत एक कॉइल सैल होती, घट्ट केली म्हणून. सोमवारी लक्षात आली नव्हती."

"सैल आहे का?"

"नाही."

"मग ती कशाला विश्वास ठेवेल?" लीला म्हणाली. "सगळे म्हणाले आवाज नाही. त्यात तुम्हीपण होतात. आता तुम्ही म्हणणार, आवाज होता पण गेला. तिला वाटेल आण्णा आपली समजूत घालतायत. तुम्हाला ऐकू येत नाही हे सांगितल्याशिवाय ती कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही."

आण्णांनी मान वर केली नाही. "आधी हा आवाज," एवढंच म्हणाले.

दोष काय ते आता त्यांना लख्ख कळलं होतं. प्रोसेसरला काम नसलं की तो वीज वाचवायला झोपतो. जरा काम आलं की उठतो, लगेच परत झोपतो. सेकंदाला हजारो वेळा. तेवढ्या वेळा त्याची वीज कमीजास्त होते आणि त्याला वीज पुरवणारी बोर्डावरची बारकी कॉइल थरथरते. संयोगिता थांबली की लॅपटॉपही थांबायचा, आणि म्हणून तो सूर नेमका शांततेत उठायचा. यात बदलण्यासारखा भाग नव्हता, डाग द्यायला जागा नव्हती. उपाय एकच: प्रोसेसरला गाढ झोपूच द्यायचं नाही. मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. या लॅपटॉपमध्ये कंपनीनं ती दिलेली नव्हती. मग वीज वापरावर ताबा ठेवणारं एक सॉफ्टवेअर आण्णांनी उतरवून घेतलं.

आधी त्यांनी प्रोसेसरचा कमीत कमी वेग वाढवून पाहिला. रेघ तशीच उभी. "वाजतोय," लीला म्हणाली. मग त्यांनी झोप पूर्णच बंद केली. रेघ गेली. लीलानं मान हलवली, "गेला." पण पंधरा मिनिटांत लॅपटॉप तव्यासारखा तापला, फॅन घोंघावायला लागला आणि बॅटरी बघता बघता उतरली. हे चालणार नव्हतं. झोपेचे चार-पाच टप्पे असतात. आण्णांनी एकेक टप्पा चालू करून बघायला सुरुवात केली. हलकी झोप चालू, आवाज नाही. त्याच्या खालची चालू, आवाज नाही. सगळ्यांत खालची चालू केल्याबरोबर लीला म्हणाली, "आला." तेवढी एकच बंद ठेवली. लॅपटॉप कोमट राहिला.

"झालं," आण्णा म्हणाले, आणि खात्रीसाठी मशीन बंद करून परत चालू केलं.

"वाजतोय की," लीला म्हणाली.

सेटिंग पुसलं गेलं होतं. आपण केलेलं काम झालं की नाही हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं; बायको सांगेल तेव्हा कळत होतं. हे असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मशीन चालू होताच सॉफ्टवेअर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था त्यांनी केली. मग ध्यानात आलं, वाचून दाखवणारा आवाज या सॉफ्टवेअरची खिडकी वाचतच नाही. संयोगिताला त्यातलं एकही बटण सापडणार नाही. म्हणून कीबोर्डवरच्या बटणांच्या दोन जोड्या त्यांनी बांधून दिल्या. एक ताबा चालू करायला, एक बंद. तीनदा मशीन बंद-चालू केलं. तिन्ही वेळा लीला म्हणाली, "शांत."

आठ वाजता शटर ओढताना त्यांनी परत फोन लावला. बंद.

सकाळी आठला आण्णा स्कूटरवरनं पेठ वडगावला पोचले. दवाखान्याचं नाव तिनं सांगितलं नव्हतं आणि पावतीवर फक्त घरचा पत्ता होता. दारात तिची आई, शालूबाई, गोठ्यातलं शेण काढून हात धूत होत्या.

"संयोगिताताई आहेत का? मी राजारामपुरीचा सांगवडेकर. लॅपटॉपवाला."

शालूबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुमीच व्हय त्ये आण्णा? काय सांगितलंसा माझ्या पोरीला? अंथरुणाला पाठ लावली न्हाय तिनं. फोन बंद करून बसलीया."

"चुकीचं सांगितलं, वहिनी. ते निस्तरायला आलोय. कुठाय ती?"

"गेली की सातच्या यष्टीनं. दवाखान्यात. पत्र द्यायला."

दवाखान्याचं नाव घेऊन आण्णांनी तशीच स्कूटर वळवली. हायवेचं काम चाललेलं, जागोजागी वळणं काढलेली. शिरोलीपाशी उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तावडे हॉटेलच्या चौकात येईपर्यंत नऊ वाजून गेले. पायांमध्ये सॅक, तिच्यात लॅपटॉप, आणि डोक्यात एकच हिशेब: ऑफिस नऊला उघडत असेल का साडेनऊला?

तिसऱ्या मजल्यावर ऑफिसच्या बाहेर बाकावर संयोगिता बसलेली दिसली. काठी घडी करून मांडीवर. आण्णा धापा टाकत जवळ गेले, तोच ती म्हणाली,

"आण्णा? दुकानातल्या डागकामाचा वास येतोय."

"पत्र दिलंत?"

"आत्ताच. दहा मिनटं झाली. पोच मिळायची हाय."

आण्णा तिच्या शेजारी बाकावर बसले. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य धड आठवेना.

"ताई, लॅपटॉप वाजत होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला ऐकू आला नाही. बारीक आवाज मला येतच नाहीत. माझे कान गेलेत. तुमचे नाहीत."

ती म्हणाली, "आईनं फोन केला का तुमास्नी? समजूत काढायला पाठवलंय?"

"नाही." त्यांनी लॅपटॉप काढून मांडीवर उघडला, फोनवर आलेख लावला. "काल यात आवाज दाबणारं सॉफ्टवेअर घातलंय, तो ताबा आता बंद करतो. आवाज येईल. आला की सांगा, गेला की सांगा. मी बोट कधी फिरवतो ते तुम्हाला दिसत नाही, आवाज कधी येतो ते मला ऐकू येत नाही. पण फोनवर रेघ दिसते. बघू जुळतं का."

कॉरिडॉरमध्ये पेशंट होते, ट्रॉल्या जात होत्या. ती पुढं वाकली.

"आला," ती म्हणाली. रेघ उभी होती. "गेला." रेघ गेली. "आला. गेला. आला... हां, आता मधीच तुटला आणि परत आला." आण्णांचा अंगठा चुकून पॅडला लागला होता, रेघ खरंच मध्येच तुटली होती.

आण्णांनी ताब्याची बटणं दाबली. "आता?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. डोकं डावीकडं, मग उजवीकडं वळवलं. "न्हाय," ती म्हणाली. "काहीच न्हाय."

आण्णांना वाटलं, आता ती रडेल, नाहीतर हसेल. ती भडकली.

"काल असं बोलताना तुमास्नी एकदा तरी वाटलं न्हाय, आपलं चुकत असंल? मी विचारलं, नीट ऐकलं का म्हणून! रातभर मी घड्याळाची टिकटिक मोजत बसलेली. आत्याजवळ जाऊन बसले, तिचा हात धरून. आता आपलं बी असंच, म्हणून." बाकावरची माणसं बघायला लागली. "आणि मी बी येडीच. माझ्या कानांपेक्षा तुमच्या कानांवर विश्वास ठेवला."

"चुकलं माझं," आण्णा म्हणाले.

ती शांत व्हायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "तुमास्नी अजिबातच येत न्हाय? ह्यो सूर?"

"अजिबात नाही."

"भ्या वाटतंय?"

"वाटतंय."

तेवढ्यात आतून अधिकारीण बाहेर आल्या. स्नेहल त्यांचं नाव. पत्राची पोच हातात होती. आण्णांनी उभं राहून सगळं सांगितलं, गडबडीत, उलटसुलट. स्नेहल मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आवक नंबर पडलाय हो. मी फाडू शकत नाही. दुसरं पत्र द्या, पहिलं मागं घेत असल्याचं. पण मोठे डॉक्टर विचारणार. कानाबद्दल शंका आहे असं स्वतः लिहिलंय यांनी. नुसत्या शब्दांवर ते नाही ऐकणार."

"कानाची तपासणी होते इथं?" आण्णांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर."

संयोगिताचे हात काठीवर घट्ट आवळले गेले. लॅपटॉपचा आवाज खरा ठरला होता, पण तपासणी ही वेगळी गोष्ट होती. आत काय निघेल कुणी सांगावं? "आधी तुमी जावा," ती म्हणाली.

आण्णा गेले. कपाटाएवढी खोली, जाड दार, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं तपासणारी मुलगी यंत्राची बटणं फिरवत होती. सुरुवातीचे जाड आवाज आण्णांनी पटापट टिपले. मग मधले, जरा विचार करून. मग नुसती शांतता. मुलीचा हात मात्र हलतच होता. ती आवाज सोडतेय, वाढवतेय, आणखी वाढवतेय, हे त्यांना तिच्या हातावरनं कळत होतं, आणि त्यांच्या अंगठ्याखालचं बटण तसंच होतं. खोटं दाबावं असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी अंगठा उचलून मांडीवर ठेवला.

कागदावरची रेषा अर्ध्यापर्यंत बरी चालली होती. पुढं कडा तुटल्यासारखी खाली गेली होती.

मग संयोगिता आत गेली. पंचवीस मिनिटं लागली. आण्णा बाहेर उभे होते. बसवलं नाही त्यांना. दार उघडलं तेव्हा तपासणाऱ्या मुलीनं आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग सांगितलं, "आजच्या तारखेला सगळं व्यवस्थित आहे. वर्षातून एकदा मात्र तपासत राहायचं. त्यात कसूर नको."

"आजच्या तारखेला," संयोगितानं तेवढंच परत उच्चारलं.

स्नेहल मॅडमच्या टेबलावर तिनं दुसरं पत्र सांगितलं, त्यांनी टाइप केलं. आण्णांनी सॅकमधल्या दुकानाच्या लेटरहेडवर स्वतःच्या हातानं वेगळं लिहिलं: लॅपटॉपमधून बारीक आवाज येत होता, तो मला वयोमानानं व कामामुळं ऐकू आला नाही, आणि मी ग्राहकाला चुकीची माहिती दिली, सोबत माझा श्रवण तपासणी अहवाल. सही केली. अशा मजकुराखाली त्यांनी आयुष्यात कधी सही केली नव्हती. लीलाला दाखवायला त्याचा फोटोही काढला नाही.

शुक्रवार गेला. सोमवार गेला. दवाखान्याकडून काही कळेना. यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावलंय असं तिच्या कानावर आलं. आण्णा दुकानात कामं करत होते. पण फोन वाजला की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत. दोनदा त्यांनी संयोगिताला फोन केला; दोन्ही वेळा ती "अजून न्हाय" एवढंच बोलली. आठव्या दिवशी तिचाच फोन आला. तीन महिने बघणार होते. काम जमलं तर कायम.

"आणि आण्णा, बॅटरी पहिल्यासारखी टिकत न्हाय," ती पुढं म्हणाली. "चार तास चालायची, आता अडीचच चालतीय."

"झोप कमी केलीय त्याची. चार्जर लावून बसायचं."

"लावते."

दुकानात आण्णांना एक गोष्ट बोलायला शिकावं लागलं. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं की ते मोबाइलवरचा आलेख उघडत आणि म्हणत, "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. तुम्ही ऐका, मी बघतो." पहिल्या वेळी हे वाक्य त्यांनी आलेखाकडं बघतच म्हटलं. ते गिऱ्हाईक, एक कॉलेजचे प्राध्यापक, "बरं, मग येतो नंतर," म्हणून लॅपटॉप घेऊन गेले ते परत आले नाहीत. बाकीचे थांबले. श्रवणयंत्राचं नाव लीलानं दोनदा काढलं. आण्णांनी तूर्त होही म्हटलं नाही आणि ती भीत होती तसे ते ओरडलेही नाहीत. ब्लोअर वापरताना कानांवर घालायला मात्र त्यांनी आवाज अडवणारे जाड इअरमफ आणले.

तीन महिने संपले त्या दिवशी संयोगितानं दवाखान्यातनं थेट फोन केला. मागं ट्रॉल्यांचा, बोलण्याचा गलका होता.

"कायम केलं," ती म्हणाली. "मोठे डॉक्टर म्हणाले, इथले एक डॉक्टर पुटपुटत बोलतात, त्यांचं रेकॉर्डिंग आजवर कुणालाच धड लागलं न्हवतं. मला लागतंय."

"वा! पेढे पाहिजेत हं."

"देते की. आणि पुढच्या वर्षीची तपासणीची तारीख बी घेऊन ठेवलीय मी. तुमची घेतलीसा का?"

"नाही अजून."

"मग मी लावून टाकू? एकाच दिवशी?"

आण्णांनी रस्त्यावरचा आवाज आड करायला दुसऱ्या कानावर तळहात ठेवला. "लावा," ते म्हणाले. मग कानावरचा तळहात काढून त्यांनी पावतीपुस्तक ओढलं आणि तिनं सांगितलेली तारीख लिहून घेतली.